न वाचलेल्या पानावरची सही

राव सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी चेन्नईतल्या गिंडीच्या ऑफिसात एका पुस्तकाची प्रुफं पाठवायच्या घाईत होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा जुना फोटो टाकला, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि मग आमच्या मॅनेजरांचा मजकूर आला : जुन्या वळणाचे, प्रेमळ गृहस्थ, नव्या तंत्राशी त्यांचं शेवटपर्यंत जुळलं नाही, पण माणूस सोन्यासारखा. मी मान वर केली. समोर स्क्रीनवर त्या पुस्तकाची तपासणी-चिठ्ठी उघडी होती. ‘शीर्षकं वाचली’ या रकान्यात दोन अक्षरं होती, एस. आर. म्हणजे सुंदर राव. आठ वर्षांपूर्वी नोकरी सोडलेला आणि त्या पहाटे तिरुवल्लिकेणीत वारलेला माणूस आमच्या कागदोपत्री अजून शीर्षकं वाचत होता... ती अक्षरं तिथे माझ्या प्रोग्रामने टाकली होती.

नव्या तंत्राशी जुळलं नाही, हे खोटं आहे. ते खोटं आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूस ऑफिसात मी एकटाच उरलो आहे, म्हणून हे लिहितो आहे. कुणाला रुचो, न रुचो.

आमचं काम परदेशी प्रकाशकांची पुस्तकं छपाईसाठी लावून देण्याचं. मी मिरजेहून चेन्नईला आलो तो प्रोग्राम लिहायला. राव सर शीर्षकं वाचायचे. ऐकायला हे काम क्षुल्लक वाटेल. पण इंग्रजीत अक्षरं मोठी असतात आणि लहान असतात, आणि शीर्षकातला कोणता शब्द मोठ्या अक्षराने सुरू व्हावा, कोणता नाही, याबद्दल प्रत्येक प्रकाशकाचा हट्ट निराळा. राव सर तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. मी फोनवर आईशी मराठीत बोलताना त्यांनी पहिल्यांदा ऐकलं आणि जवळ येऊन त्यांच्या त्या जुन्या, तमिळ हेलाच्या मराठीत आईची तब्येत विचारली. मला हसू आवरलं नाही. “हसतोस काय तम्बी,” ते म्हणाले, “आमचे लोक इथें आले तेव्हां तुझी मराठी जन्मायाची होती.” तेव्हापासून मी त्यांचा तम्बी, धाकटा भाऊ. आपल्या लिपीबद्दल त्यांचं एक लाडकं वाक्य होतं : आपल्या अक्षरांत कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही, सगळे एकाच रेघेला टांगलेले.

त्यांच्याकडे एक जुनं पोस्टकार्ड होतं. मधोमध ब्लेडने कापून त्यांनी त्याला एक लांबट फट पाडली होती. तिला ते जन्नल म्हणत, तमिळमध्ये खिडकी. कार्ड पानावर ठेवायचं म्हणजे खिडकीत एकच ओळ दिसते, बाकीचं पान गप्प बसतं. ती ओळ ओठ हलवत वाचायची, मग पुढची. सगळं वाचून झालं की चिठ्ठीवर हिरव्या पेन्सिलीने एस. आर. त्याआधी नाही. एकदा वेळ टळत आली म्हणून मॅनेजर त्यांच्या डोक्याशी येऊन उभे राहिले, तर यांनी पेन्सिल त्यांच्यापुढे धरली आणि शांतपणे सुचवलं, तुम्ही वाचा, तुम्ही सही करा.

शीर्षकातली अक्षरं आपोआप मोठी करणारा प्रोग्राम मी लिहिला तेव्हा त्याला सगळ्यात जास्त मदत राव सरांनी केली. कोणते बारके शब्द लहानच ठेवायचे, कोणत्या रसायनाच्या नावाला हात लावायचा नाही, अशा अपवादांच्या याद्या त्यांनी हिरव्या पेन्सिलीने लिहून आणून दिल्या. प्रोग्राम पहिल्यांदा नीट चालला त्या दिवशी त्यांनीच सगळ्यांना कॉफी पाजली. नव्या तंत्राशी न जुळलेला माणूस हा! त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला होता. “हें करील, सरी, बरें आहे. पण केल्यावर वाचील कोण?” मी म्हणालो, तुम्हीच की.

आणि मग मी ते केलं. चिठ्ठी तोवर संगणकावर आली होती, आणि तिच्यातला एखादा रकाना रिकामा राहिला तर आमची सिस्टीम पुस्तक पुढे जाऊ देत नसे. चाचणीच्या वेळी दर खेपेला अडायला नको म्हणून मी शीर्षकांच्या रकान्यात राव सरांची अक्षरं आपोआप पडतील अशी एक ओळ लिहून ठेवली. चाचणी संपली. ओळ काढायची राहिली. पुढे वरून ठरलं, शीर्षकं आता यंत्र करतं, ती पानं रावांकडे पाठवायची गरज नाही. पानं त्यांच्याकडे जायची थांबली, अक्षरं पडत राहिली. मला हे माहीत होतं. विसरलो होतो असं सांगता आलं असतं, पण आता ते सांगायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसलो आहे.

एका पुस्तकात एका बाईंचा लेख होता, वारलेल्या बहिणीवर. बहीण पत्रं लिहायची ती सगळी लहान अक्षरांत, एकही मोठं अक्षर नाही. तिच्या शेवटच्या पत्रातली ओळ बाईंनी शीर्षक म्हणून घेतली होती आणि ती जशीच्या तशी ठेवा असं बजावलं होतं. यंत्राने ती मोठ्या अक्षरांनी सजवली. पुस्तक छापून गेलं. बाईंचं पत्र आलं, त्यात राग कमी आणि दुःखच जास्त होतं... माझी बहीण शेवटचं बोलली तेही तुम्ही दुरुस्त केलंत, असं.

मॅनेजरांच्या खोलीत आम्ही तिघं. टेबलावर चिठ्ठी आणि टाइप केलेला खुलासा : नजरचुकीने राहून गेलं, क्षमस्व. खाली राव सरांनी सही करायची. त्यांनी चिठ्ठी उचलली, अक्षरं बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होतो. घरी दोन लहान मुलं, अण्णा नगरात नुकतंच घेतलेलं घर, बढती तोंडावर... कारणं त्या वेळी फार खरी वाटतात. राव सर इंग्रजीत म्हणाले, “हे पान माझ्या नजरेपुढे आलंच नाही. मग नजरचूक माझी कशी?” खुलासा त्यांनी परत सरकवला. त्यांना पुन्हा तीनदा बोलावलं, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत, कशाला वाढवता, असंही समजावलं. चौथ्या वेळी त्यांनी सही केली ती राजीनाम्यावर.

त्या संध्याकाळी फाटकाबाहेरच्या कॉफीच्या गाडीपाशी ते माझी वाट बघत उभे होते. “यंत्र चुकलें, त्याचें मला कांही नाही,” ते म्हणाले. “मी नसतां माझें नांव तिथें कसें गेलें, तेवढें सांग.” मी म्हणालो, सिस्टीममध्ये तसंच असतं, सर. त्यांनी कॉफी संपवली, डबरा, म्हणजे कॉफीची ती खोलगट वाटी, धुवायच्या बादलीत ठेवला आणि माझ्या खांद्यावर थोपटून निघून गेले.

पुढची आठ वर्षं मी दर दिवाळीला त्यांच्या घरी मिठाई घेऊन गेलो. ते जवळच्या छापखान्याला लग्नपत्रिका वाचून देत, तेच कार्ड ठेवून, तितक्याच सावकाश. सांगेन सांगेन म्हणत मी दर वेळी जिना उतरलो. शेवटच्या भेटीत ते अंथरुणावर होते. त्यांनी हळूच विचारलं, अजून आपलें आपण सही करतें काय तें यंत्र? मी हो म्हणालो. ते हसले. मला वाटलं, त्यांना माहीत नाही... 

ते गेल्यावर महिन्याने त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो आणि या वेळी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यांस ठाऊक होतें. त्याच रात्रीं बोलले, लेंकरू भ्यालें, सांगेल कधींतरी.” आणि उशाच्या फडताळातून ते पोस्टकार्ड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. कडा तुपकट झालेल्या, फटीच्या टोकांना चिकटपट्टी.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ प्रोग्राममधून काढली. ज्या ग्रुपवर ‘जुळलं नाही’ आलं होतं तिथेच जे घडलं ते लिहिलं, माझ्या नावानिशी. त्या बाईंनाही लिहिलं की राव सरांनी तुमचं शीर्षक पाहिलं असतं तर त्याला हात लागला नसता. मॅनेजरांनी बोलावून विचारलं, गेलेल्या माणसासाठी आता हे कशाला? मी म्हणालो, गेलेल्या माणसाला तुम्ही अजून कामावर ठेवलंत म्हणून. काय करायचं ते करा, ती ओळ पुन्हा लिहिणार नाही.

अजून काही केलेलं नाही त्यांनी. शीर्षकं यंत्रच करतं, आणि बहुतेक वेळा बरोबर करतं. पण रकाना आता रिकामा येतो आणि पुस्तक अडून राहतं. मी पान छापून घेतो, कार्ड ठेवतो. लोक पलीकडून ओरडतात, झालं का? खिडकीत एक ओळ असते. ओठ हलवत ती वाचतो, कार्ड खाली सरकवतो, आणि ओरडणाऱ्याला थांबायला सांगतो.