मेक्सिको किती शिफ्टवर?

आमच्या ट्रॅव्हल डेस्कवरच्या तिकिटांच्या फायली वर्षअखेरीला निकालात निघतात; किस्से मात्र साचतच जातात. चाकणच्या आमच्या कंपनीत मी लोकांना परदेशी पाठवते. स्वतः अजून विमानात बसलेली नाही, पण जगाची अंतरं तोंडपाठ!

*

फिटर सोपान इथल्याच जुन्या गावातला. मशीन बसवायला त्याला मेक्सिकोला धाडायचं ठरलं. वेबसाइटवर दोन्ही विमानतळ टाकून मी सांगितलं, पंधरा-सोळा हजार किलोमीटर, मधला थांबा धरून अठ्ठावीस तास. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना.

"म्हंजी किती शिफ्ट, ताई?"

"साडेतीन."

"मंग ठीक हाय."

तेव्हापासून अख्खी कंपनी मला शिफ्टमध्येच विचारते. जर्मनी म्हणजे एक शिफ्ट आणि थोडा ओव्हरटाइम. परवा प्लँट हेडसुद्धा तसंच विचारून बसले आणि मग स्वतःच लाजले.

*

आमचे ड्रायव्हर बाबूराव. त्यांनी सोपानच्या प्रवासाच्या वेळांचा माझा तक्ता वाचला आणि म्हणाले, "इमानाचं बरोबर हाय, पण यात चौक कुठंय?"

खरंच होतं; चाकण चौकातल्या कोंडीत गाड्या तासन्तास अडकतात. मी ओळ वाढवली : 'चाकण चौक, चार तास'. तक्ता परदेशातल्या हेड ऑफिसला गेला. उत्तर आलं की चार तासांचा थांबा फार होतो, तिथल्या लाउंजचा खर्च मंजूर आहे. तो मेल बाबूरावांनी प्रिंट काढून गाडीत लावलाय.

*

सोपान तिकडे असतानाच त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं, रविवारी संध्याकाळी. एकुलता एक भाऊ, नवरदेवाचा कान पिळायचा मान त्याचाच. त्याने फोन करून शनिवारी दुपारचं तिकीट मागितलं. जाताना शनिवारी पहाटे निघून शनिवारी रात्रीच पोचला होता, म्हणजे दोनच शिफ्ट!

मी समजावलं की जाताना घड्याळ मागे गेलं, येताना ते पुढे जाणार; पाच शिफ्ट धर. तो चिडलाच. रस्ता तोच, मग यायला जास्त कशा? मी ऐकलं नाही, शुक्रवारी संध्याकाळचं तिकीट काढलं. नाहीतर सोमवारी पहाटे उतरला असता. पण माझं काही चुकलं तर, या धास्तीने आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही.

*

रविवारी मी लग्नाला गेले. सोपानला विमानतळावरून आणताना बाबूरावांनी चौक टाळून आडवाटेने गाडी काढली आणि चार वाजता सोपान मांडवात हजर! मला रडूच फुटलं. त्याच्या आईने माझी ओटी भरली.

मुहूर्ताला वीस मिनिटं उरली. सोपान फेटा बांधून, कान पिळायला तयार उभा. भटजी घड्याळ बघतायत. मांडवात नवरदेव मात्र नाही. जेमतेम वीस किलोमीटरवरच्या आकुर्डीहून दुपारी दोनलाच निघालेलं वऱ्हाड चौकात अडकलं होतं.

सोपानचे वडील गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या त्या मशिनीत बघून सांगा. आकुर्डी किती शिफ्टवर हाय?"