चाळीस किलो

ऐंशीच्या दशकात मालाडला आमच्या चाळीसमोर कोळशाची वखार होती. मागच्या चाळीतली एक बाई दर महिन्याला तिथे यायची, विशीतल्या मुलाला पाठुंगळीला घेऊन. त्याच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता. त्याला मोठ्या काट्यावर बसवायची, पदराने घाम पुसायची, आकडा ऐकला की परत उचलून घरी. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मी कोळसा घ्यायला उभा होतो. वखारवाला खुशीत म्हणाला, "बेचाळीस! दोन किलो वाढला की."

बाईचा चेहराच उतरला. "आजपासून रात्रीची भाकरी बंद," ती मुलाला म्हणाली. त्याने मुकाट मान डोलावली.

मी हबकलोच. "अहो, पोटच्या पोराला उपाशी ठेवता?"

"चाळीसच्या वर मला पेलत नाय, दादा. मग त्याला संडासला नेणार कोण?"

"सरकारी दवाखान्यात सांगून बघा ना."

"तिथे गोळ्या देतात. उचलायला माणूस देत नाय."

ती उकिडवी बसली. मुलाने तिच्या गळ्यात हात टाकले.

मी तेव्हा तिशीतला, चांगला धडधाकट. दहा किलो कोळसा खांद्यावर टाकला आणि घरी आलो.