फुनाफुटीचं गोडं पाणी

सिंगापूरहून निघताना मी जरा कुरकुरतच होतो. रजेत लोक पुण्याला घरी जातात. आम्ही चाललो होतो पॅसिफिकमधल्या फुनाफुटीला. माझी बायको मेधा भूगोलाची शिक्षिका. वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने कंकणद्वीप काढलं, ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

फिजीत विमान बदललं. खिडकीतून निळ्या पाण्याभोवतीची ती चिंचोळी पट्टी दिसली आणि बाईंचा तास सुरू झाला.

"अहो, खाली ज्वालामुखी बुडालाय. त्याच्या काठावर प्रवाळांनी हे कडं रचलंय."

उतरलो ती धावपट्टी महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधलेली. भरावासाठी त्यांनी बेटच खणलं. ते खड्डे अजून आहेत.

मुक्काम तिथल्याच एका लोसाबाईंच्या घरी होता. त्यांनी नारळाच्या दुधातला पुलाका (अळूच्या जातीचा कंद) वाढला. चव छान, पण घास घशाखाली उतरायला वेळ लागतो. इथे नदी नाही, ओढा नाही. पाऊस प्रवाळात झिरपून जातो, म्हणून छपरावरचं पाणी टाकीत साठवायचं. आम्ही गेलो त्या वर्षी, २०११ मध्ये, पावसाने दडी मारली होती.

दोनच दिवसांत मेधाला ताप आणि जुलाब सुरू झाले. आमच्या पाण्याच्या बाटल्या संपल्या, दुकानातल्याही. मालाची बोटच आली नव्हती. लोसाबाई किटलीभर पाणी घेऊन आल्या. त्यांच्या टाकीचा तळ दिसत होता, म्हणून मी सवयीने म्हणालो, "नको नको, राहू द्या." आपल्याकडे यानंतर आग्रह होतो. त्या "बरं" म्हणाल्या आणि किटली घेऊन गेल्या.

"तुमचा शिष्टाचार माझ्या जिवावर उठणार आहे," मेधा कण्हत म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. माझं धाबं दणाणलं. तडक लोसाबाईंच्या दारात गेलो.

"पाणी हवंय. मघाशी उगाच नको म्हणालो."

"हवं होतं, तर नको का म्हणालात?"

किटली घेऊन आलो. मीठ-साखर घालून चमच्याचमच्याने तिला पाजत बसलो. त्यानंतर किटली कधी रिकामी दिसली नाही. मेधा हळूहळू सावरली.

निघताना मी लोसाबाईंना "फाकाफेताय (आभारी आहे)" म्हणालो.

"मला कशाला? तुम्ही मागायला आलात त्याच दिवशी माझी टाकी आटली. नंतरचं पाणी आजूबाजूच्या घरांनी दिलं, कपकपभर."

त्या घरांकडे जायला मी वळलो, तेवढ्यात विमान आल्याचा भोंगा वाजला.

आता सिंगापुरात, तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितोय. मेधा ठणठणीत आहे, आत फोनवर कुणाला तरी प्रवाळ समजावून सांगतेय. ज्यांच्या पाण्यावर ती वाचली, त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही.