काही आणू नकोस

स्लाऊहून हीथ्रोला जाणाऱ्या बसमध्ये त्या काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. बहिणीकडे नागपूरला निघालेल्या. पायाशी ठेवलेली बॅग सारखी एका हाताने उचलून बघायच्या.

"पूर्वी शाम्पू, चॉकलेटं, केवढी फर्माईश असायची! आता बहीण म्हणते, काही आणू नकोस, इथे सगळं मिळतं."

ट्रकची विक्री, सिमेंटची मागणी असल्या खुणांवरून भारताची अर्थव्यवस्था पुढे कुठे जाईल, याचा अंदाज बांधणं ही माझी नोकरी. मी लगेच अक्कल पाजळली, "काकू, ही फार चांगली खूण आहे. देश भरभराटीला येतोय."

"येऊ दे की," त्या हसल्या. "पूर्वी एअरपोर्टवर मला घ्यायला अख्खं घर यायचं. या वेळी कोण येतंय, ते बघू."

उतरताना त्यांची बॅग मीच घेतली. खरंच हलकी होती.