वीणा खाली ठेवली

अण्णांनी वीणा जमिनीवर ठेवली. माझ्यासमोर, मांडवाच्या खांबाला टेकवून, उघड्या मातीत.

ज्याने हरिनाम सप्ताह पाहिलाय त्याला याचा अर्थ कळेल. सातही दिवस वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. खाली टेकत नाही. पहारा बदलला की एक जण ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. मग देणारा सरपंच असो, घेणारा सालगडी असो. सप्ताहातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडायची.

मी साऊंडवाला. हिंगोलीजवळच्या त्या गावात कितीतरी वर्षं माझेच कर्णे लागायचे. आमचं घर बौद्ध. भाऊ टोमणे मारायचा की तुला काय पडलंय त्यांच्या भजनाचं. मी म्हणायचो, तसं नाही रे, ती माणसं मला आपलं म्हणतात. म्हणायचीच. महाराजांचा बसलेला गळा कसा सावरायचा, मृदंगाचा आवाज कुठे उचलायचा, सगळं माझ्या बोटांत होतं. अभंग पाठ होते. गुणगुणायचो, पण माइकपासून लांब.

त्या दिवशी सकाळी कथेत वनातल्या म्हातारीची उष्टी बोरं देवाने खाल्ली, तो प्रसंग होता. मी आवाजाला थोडा घुमारा दिला. बाया पदराने डोळे पुसत होत्या. अण्णाही रडले. अण्णा म्हणजे समितीतलं सगळ्यात जुनं माणूस, गावात मोठा मान.

दुपारची जेवणं झाली आणि मांडव ओस पडला. हळदीचे दिवस. अर्धा गाव शेतात कढईवर हळद शिजवत होता. पहाऱ्याला अण्णा एकटे, गळ्यात वीणा. त्यांच्या जागी येणारा माणूस कढईपाशीच अडकलेला. अण्णांना साखरेचा त्रास, लघवी धरवत नव्हती. नुसते पाय बदलत उभे. मला बघवेना. मशीनवरून उठलो, हात धुतले, जवळ गेलो.

"द्या अण्णा. तुमी जाऊन या, तवर मी उभा राहतो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहिलं. वीणा दिली असती तर तिथे वाकावं लागलं असतं.

"तुला काहून तकलीफ," म्हणाले. वीणा खाली ठेवली आणि गेले.

शिवी दिली असती तर भांडलो असतो. भांडायला त्यांनी काही ठेवलंच नाही.

थोड्या वेळाने समितीचे अध्यक्ष आले. मातीतली वीणा पाहून त्यांचं तोंड उतरलं. कुणी ठेवली, हे त्यांनी विचारलं नाही.

"तू हात तर न्हाई लावला?"

"न्हाई," मी म्हणालो. लगेच. चोरी न केलेला माणूस खिसे उलटे करून दाखवतो तसा. अण्णांचा राग आला होताच, पण त्या 'न्हाई'ची मला जास्त लाज वाटली.

गोमूत्र आलं. वीणा पुसली, जागा शिंपडली, चार थेंब माझ्या मशीनच्या बाजूलाही पडले. तोवर अण्णा परतले होते. सगळं बघत उभे राहिले. मीच ठेवली, एवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही. गावाने जे समजायचं ते समजून घेतलं.

पुढचे दिवस मी बटणं फिरवत राहिलो. रागही धड टिकत नव्हता. फार थकलो होतो. जिला इतकी वर्षं आपुलकी समजत आलो, ती त्यांची सोय होती. हे कळल्यावर माणसाचं अंगच गळून जातं.

काल्याचं कीर्तन झालं आणि सत्कार सुरू झाले. दरवर्षी मलाही शाल-नारळ मिळायचा. पुकारा झाला. शाल अण्णांच्या हातात. माइक माझ्या हाताशी होताच.

"शाल नको, अण्णा. वीणा द्या. मी तुमच्या पाया पडतो, तुमी माझ्या पडा. त्या दिवशी ती मातीत तुमी ठिवली, मी न्हाई."

कर्ण्यांवरून ते शेतांपर्यंत गेलं असेल. अण्णा शालीची घडी चाचपत राहिले. महाराज म्हणाले, देवाच्या दारात वाद नकोत, आणि मृदंगवाल्याला खूण केली. मृदंग वाजायला लागला. वीणा कुणी आणली नाही. मी वायरी गुंडाळायला घेतल्या.

त्या गावचं काम गेलं. आजूबाजूच्या गावांनीही दुसरा साऊंडवाला बघितला. आमचं घर सप्ताहांवरच चालतं, म्हणून बायको चिडली. तिचं चुकत नाही. भाऊ म्हणाला, आता तरी हा नाद सोड. ते मात्र मला मान्य नाही. ते अभंग माझ्या गळ्यात आहेत. मी का सोडू?

आता कुणी काम घेऊन आलं की आधी विचारतो, वीणेचा एक पहारा मला द्याल का. माणसं घसा खाकरतात. गावात विचारून सांगतो म्हणतात. विचारा म्हणतो. देणार असाल तर या, नसाल तर तुमचं कीर्तन तुम्ही तुमच्याच घशाने गावाला ऐकवा.