अभिनंदनासाठी संपर्क

आमच्या हेडमास्तरांना जगात कशाचंही अभिनंदन करता यायचं. कोणाची म्हैस व्याली, अभिनंदन. पहिलीतल्या पोराचा दात पडला, अभिनंदन. एकदा तर तेरवीच्या पंगतीत त्यांनी मयताच्या थोरल्या मुलाचा हात हातात घेतला आणि बुंदी इतकी मोकळी झाली म्हणून त्याचं अभिनंदन केलं. तो बिचारा डोळे पुसत पुसत "आचारी मलकापूरचा आहे सर" असं सांगून बसला. गावात त्यांना नावानं कोणी ओळखतच नसे. लहानथोर सगळे "अभिनंदन सर" म्हणत आणि ते त्याबद्दलही आभार मानत.

मी मूळची साखरखेर्ड्याची. बदली होऊन मोताळ्याच्या बाजूच्या त्या गावात गेले तेव्हा शाळेत वर्ग चार आणि शिक्षक दोन, ते आणि मी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला फाटकात गाठलं. "बाई, अभिनंदन!"

"कशाबद्दल?"

"पोचल्या ना! मागच्या बाई रस्ता पाहूनच वापस गेल्या."

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? रागवले मी, चांगली रागवले, पण ते पुढं सांगते.

छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. एखाद्या पोरानं भर वर्गात अस्सल गावरान शिवी हासडली की ते त्याला जवळ बोलवत आणि पत्ता विचारावा तसं विचारत, "काऊन रे, हे कोठून आणली?" पोरगं आधी नखं खाई, मग खरं सांगून मोकळं होई. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप प्रार्थनेला हजर. हातात टोपी, समोर सगळी शाळा, आणि सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "आज आपल्याले हे एक वचन देनार हायेत. द्या भाऊ." मला म्हणायचे, "बाई, शिवी लेकराची नसते. लेकरू फक्त पोस्टमन असते." त्या काळात आमच्या शाळेत मुलांपेक्षा बापच जास्त सुधारले.

मग स्वस्तातलं इंटरनेट गावात आलं आणि सरांनी तळहाताएवढा मोबाईल घेतला. झालं! आता अभिनंदनाला गावाच्या शिवेची अडचण उरली नाही. पोराचा फोटो, खाली नाव, वर्ग, मुक्काम पोस्ट, आणि शेवटी ठरलेली ओळ, "अभिनंदनासाठी संपर्क". तिच्यापुढं आईबापाचा नंबर. स्वतःचा नंबर देणं त्यांना आपमतलबीपणाचं वाटायचं. मी एकदा म्हटलं, "सर, नंबर कशाला उगाच?" तर म्हणाले, "बाई, अभिनंदन दारात आलं पाह्यजे. नुसतं मोबाईलात राह्यलं तं लेकराले काय कळन?" शाळा-केंद्राच्या ग्रुपवर, हेडमास्तरांच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, आणि एकदा नव्हे अनेकदा वधूवर सूचक ग्रुपवरसुद्धा पहिलीतली पोरं झळकायची.

त्या साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. ज्या बीटी बियाण्याच्या भरवशावर सगळे निर्धास्त होते, त्याच्याच बोंडात ती आरामात बसून खात होती. बोंड फोडलं की आत कापसाऐवजी सडकी काळी कवडी. दिवाळीनंतर माणसं एकमेकांशी धड बोलेनात. पालकसभेला बोलावलं तर येत आणि भिंतीकडं बघत बसत. अशात सव्वीस जानेवारीचं गॅदरिंग आलं. मी म्हटलं, सर, यंदा साधं देशभक्तीगीत बसवू. सर म्हणाले, "नाही. यंदा नाटक. अळीवर."

"लोक मारतील आपल्याला."

"मारू द्या. उठतीन तरी."

अळीचं काम चौथीतल्या एका मुलीला दिलं. तिचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही, का ते कळेलच. तिला आपण चिमी म्हणू. गावातले रशीद टेलर, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो, त्यांनी चिमीच्या आईच्या गुलाबी परकराचा असा काही पोशाख शिवला की पोरगी गळ्यापासून पायापर्यंत अळी दिसली. ती सरपटतच स्टेजवर आली, मान वर केली आणि समोर बसलेल्या सगळ्या बापांना ठणकावलं, "मी बीटीले भेत नाही! फवाऱ्याले भेत नाही! पंचनामेवाले येईपर्यंत मी सारं खाऊन मोकयी!" मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा खो खो हसला आणि सगळा मांडव फुटला. ज्यांची कपाशी गेली होती ते मांडीवर थापा मारून हसत होते, बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. कित्येक महिन्यांनंतर ते गाव हसताना पाहिलं होतं.

आणि सरांनी तो व्हिडिओ पाठवला. चिमीचं नाव, वर्ग, गाव, "अभिनंदनासाठी संपर्क", आणि तिच्या आईचा नंबर. सगळ्या ग्रुपवर. वधूवरसकट.

दोनचार दिवस खरंच अभिनंदनाचे फोन आले. मग कोण्या दिवट्यानं तो व्हिडिओ कापला, सरपटण्याचा तुकडा ठेवला आणि त्याला घाणेरडं गाणं जोडलं. फोन बदलले. आई वावरात असायची, मोबाईल घरी चिमीजवळ. "अळी हाय का घरी?" असं विचारणारे पुरुषांचे आवाज, आणि त्यापुढचं मी लिहीत नाही. एक दिवस चिमीनं मोबाईल पाण्याच्या रांजणात टाकला. बाजारात टवाळ पोरांनी तिच्यामागं ते गाणं म्हटलं, त्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

तिची आई आली. ओट्यावर बसली नाही, उभ्याउभ्याच बोलली. "तुमी अभिनंदन केलं सर, अन भोगून आमी राह्यलो. परीक्षा झाली का दुसरबीडले मामाच्या घरी धाडतो तिले. शाळा बस झाली. घरचं काम शिकन अन राह्यन गपचूप."

सरांनी हातातला मोबाईल खिशात घातला. मला त्यांची दया यायला हवी होती. पण मला संताप आला. मी तोंडावर बोलले, "सर, तुम्ही पोरीचा पत्ता चौकात टांगला. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तुम्ही त्याला प्रार्थनेला उभं केलं असतं."

"हाव बाई," एवढंच म्हणाले.

आणि मग त्या भल्या माणसानं काय करावं? सगळ्या ग्रुपवर नवीन निरोप टाकला, "कृपया हा व्हिडिओ पुसून टाकावा ही नम्र विनंती." कोणता व्हिडिओ ते लोकांना नीट कळावं म्हणून सोबत तो व्हिडिओ जोडला! मी कपाळावर हात मारून घेतला. ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनीही पाहिला.

पुढं होळी आली. आमच्याकडं होळीच्या आधी पोरं दारोदार गोवऱ्या न् लाकडं मागत फिरतात. जो देत नाही त्याच्या दारापुढं तोंडावर हात मारून सगळी मिळून बोंब ठोकतात. त्या दिवशी पोरांना कोणी रागवायचं नाही, तशी रीतच आहे. सर मला म्हणाले, "बाई, हे गाव पोलिसाले भेत नाही, सायबाले भेत नाही. लेकरायच्या बोंबीले भेते." आणि त्यांनी पोरांना सांगितलं, यंदा गोवरी नंतर. आधी मोबाईल.

दुपारी वरात निघाली. मीही मागं होते. पोरं दारात उभी राहत, घरधनी मोबाईल घेऊन बाहेर येई, त्यांच्यादेखत व्हिडिओ पुसे, मग गोवरी देई. रशीद चाचांनी चष्मा चढवला आणि कानकोंडे होऊन म्हणाले, "मैंने तो बस अपनी सिलाई देखने को रखा था, बेटा," आणि पुसून वर दोन लाकडं दिली. सरपंचाचा पुतण्या मात्र दाराआडून म्हणाला, "चला बे, निघा! माझा मोबाईल, माझी मर्जी." मग काय! जी बोंब सुरू झाली ती थांबेचना. शेजारपाजारचे ओट्यावर येऊन उभे राहिले. शेवटी त्याची आजी चप्पल घेऊन निघाली, ती पोरांकडं नाही, पुतण्याकडं. गाणं जोडणारा आपणच हे त्यानं चप्पल खाता खाता त्याच ओट्यावर सगळ्यांसमोर कबूल केलं.

शेवटचं घर सरांचं, मारुतीच्या देवळामागची भाड्याची खोली. पोरं तोंडावर हात नेणार, तेवढ्यात सरांनी थांबवलं. "तुमचा हक्क नाही. जिचा हाय तिले आना."

चिमीला तिची आई हाताला धरून घेऊन आली. पोरगी वाळली होती. डोळे जमिनीत. सर दारात हात जोडून उभे राहिले. पन्नाशी उलटलेला माणूस, अन् समोर दहा वर्षांची पोर. "ठोक," ते म्हणाले. तिनं हात तोंडाशी नेला आणि आवाजच फुटेना. मग एकदम फुटला. ती बोंब होळीची नव्हती. तिच्यात सगळे फोन होते, बाजारातलं गाणं होतं. ती दमेपर्यंत सर खाली मान घालून ऐकत राहिले.

मग त्यांनी आपला मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं एकेका ग्रुपवर जाऊन जे पुसता आलं ते पुसलं. आणि विचारलं, "सर, जो पुढं गेला तो?"

"तो माह्याच्यानं नाही पुसला जात पोरी." त्यांनी पुन्हा हात जोडले. "माही चूक हाय. आता ह्या शाळेत इचारल्याबिगर कोनाचाच फोटो निघनार नाही. तू ये. मी सांभायतो."

चिमीच्या आईनं पोरीचा हात धरला. "परीक्षेपावतर धाडून पाहातो," म्हणाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी चिमी वर्गात होती. ती दुसरबीडला गेली नाही, कधीच गेली नाही.

सरांनी शब्द पाळला, इतका पाळला की वैताग आला. केंद्रप्रमुख शाळेची खिचडी खाणाऱ्या पोरांचा फोटो काढायला आले तर सर म्हणाले, लेकरांना विचारा. साहेबांनी पहिलीतल्या एका पोराला विचारलं. पोरगं म्हणालं, "नाही. माह्या नाकाले शेंबूड हाय." साहेब लालेलाल. "अहो, मला वर पाठवायचाय!" सर शांतपणे म्हणाले, "मंग खिचडीचा काढा साहेब. ते नाही म्हणत नाही."

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाला सगळं गाव होतं. चिमी हायस्कूलच्या गणवेशात आली आणि तिनं भाषण केलं. भाषण कसलं, सरांची हुबेहूब नक्कल! त्यांची चाल, त्यांचं खाकरणं, तेरवीची बुंदी. मांडव हसून लोळत होता. पहिल्या खुर्चीवर हार घातलेल्या सरांना काही राहवेना. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, मग भान आलं असावं. ते उभे राहिले, शाळकरी पोरासारखं बोट वर केलं.

"चिमे, एक फोटो काढू का?"

मला वाटलं, आज तरी ती हो म्हणेल. निरोपाचा दिवस, एवढी माणसं, समोर हार घातलेला म्हातारा. चिमीनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"नाही सर."

सर खाली बसले. मोबाईल खिशात ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा फुलला होता की कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याला लॉटरी लागली. ते माझ्याकडं झुकले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "ऐकलं का बाई? साऱ्या गावासमोर नाही म्हनली!"