धाकटीचा लाल ठिपका

धाकटीसारखं डोकं अख्ख्या गल्लीत शोधून सापडायचं नाही. थोरल्यानं दहावीतच शाळेला रामराम ठोकला आणि गॅरेज टाकलं. ही त्याच गॅरेजवरच्या खोलीत बसून वेबसाइटी बनवते. खाली हातोडा, वर कीबोर्ड.

त्या सकाळी मात्र तिचं तोंड उतरलं होतं. एका बसमालकासाठी बनवलेल्या तिकिटांच्या पानावर एकच सीट दोघांना मिळत होती. बसमालक दुपारी येणार होता, आणि हे निस्तरलं नाही तर काम दुसऱ्याला देणार, असं तोंडावर सांगून गेला होता. तिचं हे पहिलंच मोठं काम.

चूक पकडायला तिच्याकडे डिबगर होता, म्हणजे चालतं पान मधेच थांबवून आत डोकवायची सोय. जिथं थांबायचं, कोडच्या त्या ओळीपुढं लाल ठिपका द्यायचा. तिनं दिला, पान चालू केलं, तर ठिपका करडा पडला आणि पान न थांबता सुसाट पुढं. सर्व्हर बंद-चालू केला, कोड लिहायचा एडिटर नव्यानं उघडला. ठिपका ढिम्म. काल तर सगळं सुरळीत होतं.

शेवटी तिनं डिबगरच्या सेटिंगची फाइल ओळीओळीनं वाचली. तिथं कामाच्या फोल्डरचं नाव होतं ‘नवीन फोल्डर’. आणि समोर उघडलेल्या फोल्डरचं नाव? ‘ताईसाहेबांचं काम, हात लावू नये’.

तेवढ्यात थोरला चहा घेऊन वर आला.

“दादा, हे नाव कुणी बदललं?”

“मीच. एवढं मोठं काम, आणि नाव काय, तर नवीन फोल्डर. काल गिऱ्हाइकांना दाखवताना लाज वाटली मला.”

धाकटी खो-खो हसत सुटली. डिबगर बिचारा जुन्या पत्त्यावर दार ठोठावत होता. जुनं नाव परत देणं सोपं होतं, पण तिनं ते दिलं नाही. सेटिंगच बदललं: एडिटरमध्ये जो फोल्डर उघडा असेल तोच आपला, नाव काही का असेना. ठिपका लालभडक झाला, पान जागच्या जागी थांबलं, आणि चूक हाती लागली. सीट मोकळी आहे का ते आधी बघायचं आणि ती राखायची मागाहून, त्या फटीतून दुसरा शिरत होता. तिनं दोन्ही कामं एका दमात व्हायची सोय केली.

दुपारी बसमालकानं स्वतःच्या आणि थोरल्याच्या फोनवरून एकच सीट एकदम दाबून पाहिली. एकालाच मिळाली. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. म्हणाला, आता सगळ्या गाड्यांची तिकिटं यावरच. मग पडद्यावरचं फोल्डरचं नाव वाचून त्यानं विचारलं, “हात लावू नये, हे कुणासाठी?”

“सगळ्यांसाठी,” थोरला म्हणाला. “तुम्हीसुद्धा त्यातच आलात.”